नो पासा नादा, म्हणजे ‘चालतंय की!’

आपल्या मंडळातले बहुतेक जण रोज स्पॅनिश बोलतात, फक्त कुणी कबूल होत नाही. ‘आम्ही सॅन होजेला राहतो’, ‘नवरा पालो आल्टोला जातो’, ‘लॉस गॅटोसला घर बघितलं, पण किंमत ऐकून परत आलो’. तीन वाक्यं आणि तिन्हीत स्पॅनिश. सॅन होजे म्हणजे संत जोसेफ. पालो आल्टो म्हणजे उंच झाड. हजार वर्षांहून जुना तो रेडवूड रेल्वेच्या रुळांशेजारी अजून उभा आहे. लॉस गॅटोस म्हणजे मांजरं, खरं तर डोंगरातली रानमांजरं. आणि आपल्या अर्ध्या मंडळाचं गाव असलेलं मिलपिटास? ‘मिल्पा’ म्हणजे मक्याचं शेत. शब्द मूळचा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. त्याला स्पॅनिशचा लाडाचा प्रत्यय लागला आणि झालं मिलपिटास, म्हणजे मक्याची छोटी छोटी वावरं. आता तिथे मका दिसत नाही, आपणच दिसतो.

या गावांजवळून जाणारा जुना रस्ता म्हणजे एल कमिनो रेआल. ‘कमिनो’ म्हणजे रस्ता, ‘रेआल’ म्हणजे राजाचा. सरळ मराठीत राजमार्ग. १७६९ ते १८२३ या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी सॅन दिएगोपासून सोनोमापर्यंत २१ मिशनं उभारली, त्यांना जोडणाऱ्या वाटेचं हे नाव. रस्त्याकडेला वाकड्या खांबांना टांगलेल्या घंटा दिसतात, त्या तिच्याच खुणा. ‘एल’ म्हणजे इंग्रजीतला ‘द’, त्यामुळे आपण ‘द एल कमिनो’ म्हणतो तेव्हा ते ‘पिवळा पीतांबर’ म्हटल्यासारखं होतं. सनीवेल आणि सांता क्लाराच्या पट्ट्यात या राजमार्गावर इडली-डोसा, चाट, साड्या, पूजेचं सामान, सगळं मिळतं आणि मध्ये मध्ये एखादी ताकेरिया लागते. सत्तावीस वर्षं या रस्त्यावरून ये-जा केल्यावर निदान पाट्या तरी समजाव्यात, असं सांगून मी दोन वर्षांपूर्वी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. खरं कारण वेगळं होतं. ते पुढे सांगते.

आधी थोडा इतिहास, कारण आपल्याला वाटतं की स्पॅनिश ही इथे नंतर आलेली भाषा. प्रत्यक्षात इंग्रजीच्या आधी इथे स्पॅनिश होती, आणि तिच्याही आधी ओलोनी लोकांच्या भाषा. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहापर्यंत हा मुलूख मेक्सिकोचा होता. १८४९ च्या कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राज्यघटनेत कायदे स्पॅनिशमध्येही छापावेत असं कलम होतं. १८७९ च्या घटनेत ते गेलं. भाषा मात्र गेली नाही. आज अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त लोक आहेत. म्हणजे आपण राहायला आलो इंग्रजीच्या वाड्यात, पण शेजार स्पॅनिशचा.

आमचा वर्ग प्रौढांसाठीच्या संध्याकाळच्या शाळेत भरतो, मंगळवारी आणि गुरुवारी. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही ‘मायेस्त्रा’ म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर व्याकरण लिहिलं नाही, तीन शब्द लिहिले: नो पासा नादा. शब्दशः ‘काही घडत नाही’, म्हणजे काही बिघडत नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, त्यामुळे मला भाषांतराला वेळ लागला नाही. ‘चालतंय की!’

मायेस्त्राचा नियम असा, की तासाभरात सर्वांत मजेदार चूक करणाऱ्याला पान दुल्से मिळणार. पान दुल्से म्हणजे गोड पाव. शंखाच्या नक्षीचा, वर साखरेचा थर असलेला. पहिल्या महिन्यात एका निवृत्त तेलुगू गृहस्थांनी तो सलग दोनदा मिळवला. दिवसभर नातवंडं सांभाळून ते आले होते. ‘फार थकलोय’ म्हणायला हवं होतं ‘कान्सादो’, ते म्हणाले ‘कासादो’, म्हणजे ‘मी फार विवाहित आहे’. मायेस्त्रा म्हणाल्या, दोन्ही खरं असू शकतं. एका तरुण अमेरिकन मुलाने ओशाळून ‘एंबारासादो’ झालोय असं सांगितलं. इंग्रजीतल्या शब्दावरून त्याने तो शब्द घडवला होता. स्पॅनिशमध्ये ‘एंबारासादा’ म्हणजे गरोदर. सगळ्या वर्गाने त्याचं अभिनंदन केलं. एक व्हिएतनामी नर्स आहे, ती रुग्णांशी बोलता यावं म्हणून येते. भूक म्हणजे ‘आंब्रे’, माणूस म्हणजे ‘ओंब्रे’. ‘मला नवऱ्याबिवऱ्याची नाही, भुकेची गोष्ट करायची होती’, असं ती हसत हसत सांगते.

तिलाच मायेस्त्राने एक महत्त्वाची सूचना केली. वय विचारताना ‘आन्योस’ म्हणायचं, म्हणजे वर्षं. लिहिताना त्या ‘न’वर लाटेसारखी एक छोटी खूण असते. ती राहिली, की प्रश्न ‘तुमचं वय किती’ असा राहत नाही. तोच शब्द शरीराच्या अशा भागाचं नाव होतो, की ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. नर्सने ती खूण वहीत लाल शाईने काढली. माझ्या मते आपल्या अनुस्वारालाही एवढा मान कधी मिळाला नसेल.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी फुकट मिळतात. आपले त आणि द स्पॅनिशला जसेच्या तसे चालतात. शेजारचा अमेरिकन ‘टाको’ म्हणतो, आपण सहज ‘ताको’ म्हणतो. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा; हा दुहेरी र काढताना वर्गातल्या कितीतरी जणांच्या जिभेला घाम फुटतो. आपण लहानपणी ‘चिमणी भुर्र उडाली’ म्हणत मोठे झालो, आपली जीभ केव्हाच तयार झाली आहे. शिवाय स्पॅनिश जशी लिहितात जवळजवळ तशीच वाचतात. माझी सगळी वही देवनागरीत आहे आणि माझे उच्चार त्यामुळे बरे आहेत, असं मायेस्त्रा म्हणतात.

व्याकरणात तर चक्क ओळखीची माणसं भेटतात. इंग्रजीत ‘मी आंबे आवडवते’ अशा धाटणीचं वाक्य असतं. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल कफे’, मला कॉफी आवडते; ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. ‘मे’ म्हणजे ‘मला’. आंबे अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. अमेरिकन विद्यार्थ्यांना हे कळायला दोन आठवडे लागले. मराठी माणसाला यात कळण्यासारखं काहीच नाही, आपण जन्मापासून असंच बोलतो. ‘मे दुएले ला काबेसा’, माझं डोकं दुखतं. इथेही दुखणारं डोकं, आणि मी आपली त्याची मालकीण.

‘तू’ म्हणजे तूच. उच्चारही तोच आणि अर्थही तोच. मोठ्यांना मात्र ‘उस्तेद’ म्हणायचं. त्याचा उगम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनात आहे. कुणाला तू म्हणायचं आणि कुणाला तुम्ही, या प्रश्नावर अमेरिकन मुलं वैतागतात. आपल्याला सासरच्या पहिल्याच दिवशी त्याचं शिक्षण मिळालेलं असतं. ‘दे’ म्हणजे ‘द्या’, ‘देमे’ म्हणजे ‘मला द्या’. संस्कृत आणि लॅटिन या लांबच्या बहिणी, म्हणून हे साम्य. ‘आय्’ म्हणजे ‘आहे’. हे साम्य निव्वळ योगायोगाचं, पण ‘आय् लेचे?’ म्हणजे ‘दूध आहे?’ हे मी एकदा ऐकलं आणि पुन्हा पाठ करावं लागलं नाही. वस्तूंना लिंगही आहेत. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच, म्हणजे उलट सवलत. ‘प्रोब्लेमा’ हा शब्द आकारान्त असूनही पुल्लिंगी आहे. मराठीतही ‘मोठा प्रॉब्लेम’ असतो. प्रॉब्लेम दोन्ही भाषांत पुल्लिंगीच, यावर वर्गातल्या बायकांचं एकमत झालं.

काही शब्द तर आपल्या घरातूनच गेलेले किंवा आलेले आहेत. आपलं ‘नारंग’ फारसी आणि अरबीतून प्रवास करत स्पेनमध्ये ‘नारांहा’ झालं, ‘शर्करा’ची ‘आसुकार’ झाली. उलट बाजूने पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला. त्याचाच स्पॅनिश भाऊ ‘पान’. म्हणून मेक्सिकन घरात जेवणाबरोबर ‘पान’ मिळालं, तर चुना-कात शोधू नये. बिजागरी, चावी, तिजोरी, पाद्री हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आले आणि त्यांची भावंडं स्पॅनिशमध्ये आहेत. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्द नाहुआत्लमधून स्पॅनिशमध्ये आले आणि मग जगभर पसरले. चिकूचं नावही तिकडचंच.

एक शब्द मात्र जपून वापरावा. ‘काका’ म्हणजे लहान मुलांच्या स्पॅनिशमध्ये शी. माझी चार वर्षांची भाची बागेत घसरगुंडीवरून तिच्या काकाला जोरजोरात हाका मारत होती. बाकावर बसलेली एक मेक्सिकन आजी ओले रुमाल घेऊन धावत आली. काका पुढे होऊन म्हणाला, ‘मीच तो.’ तिने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर आमच्या घरात अजून गाजते आहे.

शब्दांपेक्षा जास्त ओळख पटते ती रीतीभातींतून. कुणी जेवत असेल आणि आपण शेजारून गेलो, तर ‘प्रोवेचो’ म्हणायचं. अनोळखी माणसालाही. मराठीत त्याला पंगतीतलं ‘सावकाश होऊ द्या’ आहेच. जेवण झाल्यावर ताटासमोर बसून तासभर गप्पा मारायच्या, त्याला ‘सोब्रेमेसा’ म्हणतात. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही. आपल्याकडे शब्द नसला तरी खरकटे हात वाळेपर्यंत गप्पा असतातच. आणि ‘आओरा’ म्हणजे ‘आता’, त्याचा लाडिक अवतार ‘आओरिता’. मेक्सिकन माणूस ‘आओरिता’ म्हणाला, तर ते आता, तासाभराने किंवा कधीच नाही, यांपैकी काहीही असू शकतं. मंडळाचे कार्यक्रम वेळेवर सुरू का होत नाहीत, हे एखाद्या मेक्सिकन पाहुण्याला समजावून सांगावं लागणार नाही.

आता खरं कारण. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आई म्हणतो, ८६ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून दिवसा त्यांच्या सोबतीला एक मदतनीस येते. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातली. तिचं इंग्रजी कामापुरतं. आईंचं इंग्रजी म्हणजे ‘थँक्यू’ आणि ‘नो शुगर’. आम्ही नवरा-बायको कामावर, मुलगा शाळेत. दिवसाचे आठ तास या दोघी एका घरात, मध्ये एकही सामायिक भाषा नाही.

एका मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज घाबरलेला. आबुएलिता, म्हणजे आजीबाई, छातीवर हात ठेवून ‘जलजल’ म्हणताहेत. मी विचारलं, ‘दुएले ओ आर्दे?’ दुखतंय की जळतंय? तिने फोन आईंच्या कानाला लावला. ‘अगं, दुखत नाही, जळजळतंय. काल ती मिसळ खाल्ली ना!’ मी तिला सांगितलं, आर्दे. तिचा सुटकेचा श्वास मला ऑफिसात ऐकू आला. तरी संध्याकाळी डॉक्टरांना दाखवलंच, पित्तच होतं. पण ‘दुखणं’ आणि ‘जळजळणं’ यांत किती अंतर आहे, हे ८६ वर्षांच्या माणसाच्या घरात राहणाऱ्याला विचारा. असे दोन शब्द कळावेत म्हणून मी वर्गाला जाते.

मला वाटलं होतं, मी शिकेन आणि दोघींच्या मध्ये दुभाषी होईन. त्यांनी माझी वाट बघितली नाही. आई सरळ साताऱ्याच्या मराठीत बोलतात आणि अडेल तिथे एक स्पॅनिश शब्द टाकतात. ‘पोरी, जरा आग्वा दे.’ आग्वा म्हणजे पाणी. ‘दे’ दोन्ही भाषांत चालतो. म्हणजे ८६ व्या वर्षी, एकही तास न बसता, आईंच्या वाक्यातले दोन महत्त्वाचे शब्द बरोबर आले. मदतनिसीने फ्रिजवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर तिने मराठी शब्द तिच्या स्पेलिंगने लिहिले आहेत: चहा, गोळी, पोळी, पुरे, बास. गोळी आणि पोळी तिच्या तोंडून एकसारख्याच येतात. त्यामुळे ‘आबुएलिता, पोळी?’ म्हटलं, की आई आधी तिच्या हाताकडे बघतात आणि मग उत्तर देतात. दोघी हसतात. त्यात कुणी कुणाला सुधारत नाही.

हे सगळं बघत होता आमचा सतरा वर्षांचा मुलगा. त्याची शाळेत चार वर्षं स्पॅनिश झालेली. लहानपणी तो भरभर मराठी बोलायचा, मग हळूहळू गप्प झाला. आपल्यापैकी किती घरांत ही गोष्ट घडली आहे! समारंभात एखादी मुलगी ‘मी आला’ म्हणते किंवा एखादा मुलगा ‘माझी डोकं दुखते’ म्हणतो, आणि चार मोठी माणसं कौतुकाने का होईना, खो खो हसतात. ‘परत म्हण, परत म्हण!’ असंही होतं. मोठ्यांना ते गोड वाटतं. बारा वर्षांच्या मुलाला ते गोड वाटत नाही. तो त्या दिवसापासून इंग्रजीत उत्तर देतो, कारण इंग्रजीत त्याला कुणी हसत नाही. वाईट कुणाच्याच मनात नसतं. पण रविवारची मराठी शाळा वर्षभरात जे कमावते, ते असं एका संध्याकाळी खर्च होतं.

आमच्या घरात आजी आणि नातू यांच्यात ‘हाय आजी, बाय आजी’ एवढंच उरलं होतं. मग मदतनीस त्याला विचारायला लागली, आबुएलिता काय म्हणतात? तो आजीला विचारायचा, तोडक्यामोडक्या मराठीत, आणि तिला स्पॅनिशमध्ये सांगायचा. एखादा शब्द अडला, की तो फ्रिजवरच्या कागदाकडे बघायचा. एका घरात तीन भाषा आणि तिघांचंही कुठे ना कुठे चुकतंय. एकदा तो म्हणाला, ‘आजी, तू जेवली? मी वाढतो तुझ्याला.’ मी स्वयंपाकघरात होते. आई म्हणाल्या, ‘वाढ की बाळा.’ त्या ‘तुझ्याला’कडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांना नातवाने जेवण वाढल्याशी मतलब होता.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सॅन दिएगोहून पूर्वेला इंपीरियल व्हॅलीत गेलो. डोंगर उतरून वाळवंटात शिरायचं आणि एकदम हिरवीगार शेतं. सगळं पाणी कोलोरॅडो नदीचं, कालव्याने आणलेलं. एल सेंत्रो हे गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि सीमेवर कॅलेक्सिको आणि मेहिकाली ही जुळी गावं. कॅलिफोर्निया आणि मेक्सिको ही नावं कापून, उलटसुलट जोडून ठेवलेली. इथे शंभर वर्षांपूर्वी पंजाबी शेतकरी आले. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती, १९१७ च्या केंद्राच्या कायद्याने गावाकडची माणसं आणता येत नव्हती, आणि गोऱ्या बाईशी लग्न करायलाही राज्याचा कायदा आड येत होता. मग त्यांनी याच शेतांत राबणाऱ्या मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. अशी शेकडो कुटुंबं झाली. ना वर्ग, ना पुस्तक. हे पुरुष स्पॅनिश शिकले ते कामावर आणि घरात. शुद्ध बोलता येईपर्यंत तोंड उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलं असतं, तर एकही लग्न झालं नसतं. उत्तरेला युबा सिटीत पुढे अशाच एका कुटुंबाच्या रेस्टॉरंटात रोटीची केसादिया मिळायची.

पण त्या घरांतली मुलं बोलली स्पॅनिश आणि इंग्रजी. नावात सिंग राहिलं, ताटात रोटी राहिली, पंजाबी मात्र बहुतेक घरांत बापापाशीच थांबली. बाप दिवसभर शेतात, घरात आईची भाषा, शाळेत इंग्रजी. पंजाबी चुकतमाकत बोलून बघायला मुलांना जागाच मिळाली नाही. एल सेंत्रोच्या रस्त्यावर लेट्यूसची शेतं बघत माझा मुलगा हे ऐकत होता. तो म्हणाला, ‘म्हणजे आपल्यासारखं.’ मराठीत म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी त्याला आपल्या माणसाची गोष्ट सांगितली. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४, वर्ध्याचे. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, १९१३ च्या सुमारास गदर चळवळीत होते. त्या चळवळीचं मुख्य ठाणं आपल्या शेजारचं सॅन फ्रान्सिस्को. ब्रिटिशांच्या राज्यात परत जाणं शक्य नव्हतं, म्हणून चाळिशीच्या आसपास ते मेक्सिकोला गेले, नव्या देशात, नव्या भाषेत. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलं: टेबलाशी बसून सर्वांना पाव वाटणारा माणूस. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोत जाऊन मक्यावर शिकवतो, ते काही वऱ्हाडीत शिकवत नसणार. मिलपिटासला जाताना मला आता त्या ‘मिल्पा’त खानखोजे दिसतात.

चुकांना घाबरू नये असं सांगणारं एक आख्खं गावही कॅलिफोर्नियात आहे. स्टॉकटनच्या दक्षिणेला मांतेका. गावकऱ्यांना नाव हवं होतं ‘मोंतेका’. रेल्वेच्या छपाईत एक अक्षर बदललं आणि झालं ‘मांतेका’, म्हणजे स्पॅनिशमध्ये लोणी किंवा डुकराची चरबी, असं सांगतात. गावाने तेच नाव ठेवलं. फ्लोरिडाच्या टोकाचं ‘की वेस्ट’ तर स्पॅनिश ‘कायो उएसो’, म्हणजे हाडांचं बेट, हे चुकीचं ऐकून तयार झालं. आपण तरी काय करतो? वांद्र्याचं बँड्रा आणि शीवचं सायन झालं, तरी लोकल तिथेच थांबते.

तर या दिवाळीला एक विनंती. फराळाच्या ताटाभोवती एखादं पोर ‘मला चकली पाहिजेत’ किंवा ‘लाडू मस्त आहेस’ म्हणालं, तर आधी चकली द्यावी. लाडूचंही कौतुक स्वीकारावं. दुरुस्ती करायचीच असेल, तर आपल्या पुढच्या वाक्यात बरोबर रूप वापरावं: ‘हो, लाडू मस्तच झालेत, अजून एक घे.’ मायेस्त्राही असंच करतात; चुकलेलं वाक्य पुन्हा उच्चारत नाहीत, बरोबर वाक्यात उत्तर देतात आणि पुढे जातात. आणि ज्यांना आपली भाषा आधीच शंभर टक्के येते, त्यांनी जरूर एखाद्या नव्या भाषेच्या वर्गात नाव घालावं. पन्नाशीनंतर ‘हे टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी’ यावर डोकं खाजवताना आपल्या मुलांचा मराठीतला त्रास नेमका कळतो.

आईंची आणि मदतनिसीची या वर्षी एकत्र दिवाळी आहे. तिने करंजीला ‘एंपानादा’ म्हणायचं ठरवलं आहे. तिच्या गावची एंपानादा दिसायला अगदी तशीच. आईंनी त्याला मान्यता दिली. फक्त सारण नारळाचंच असलं पाहिजे, एवढी अट घातली. मुलाने दोघींना करंज्या मुरडायला मदत केली, त्यातल्या सहा तळताना फुटल्या. ‘नो पासा नादा,’ आई म्हणाल्या, आणि फुटलेल्या आधी खायला घेतल्या.